लिव्हीच्या एका वाक्यात अडलेली विद्यार्थिनी: लॅटिन वाचनाचं एक प्रकरण

पहिल्या वर्षी व्याकरणाच्या पेपरात तिला 100 पैकी 91 मार्क होते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात अनसीनच्या पेपरात 28. मधल्या काळात आजारपण नव्हतं, घरची अडचण नव्हती, अभ्यासात हयगय तर मुळीच नव्हती. उलट इतकी मन लावून अभ्यास करणारी मुलगी त्या वर्गात दुसरी नसेल. म्हणूनच तिला माझ्याकडे पाठवलं तेव्हा मी नेहमीचा 'अजून मेहनत घे' हा सल्ला दिला नाही. मेहनत ती घेतच होती, पण तिची ही मेहनत जात कुठे होती ते शोधायचं होतं.

अनसीन म्हणजे आधी न पाहिलेला उतारा. परीक्षेत सुमारे 20 ओळी गद्य किंवा पद्य समोर येतं आणि दीड तासात त्याचं भाषांतर लिहायचं असतं. कोश जवळ नसतो, काही कठीण शब्दांचे अर्थ तेवढे खाली दिलेले असतात. त्या पेपरात रोमन वक्ता सिसेरोच्या एका भाषणातला उतारा होता. तिने 7 ओळी लिहिल्या होत्या, त्यांतल्या 3 खोडल्या होत्या. उरलेलं पान कोरं.

विद्यापीठात येईपर्यंत तिचा लॅटिनशी संबंध आला नव्हता. हे आता जगभर सर्रास दिसतं. शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी केंब्रिजमध्येसुद्धा क्लासिक्सचा 4 वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पूर्वी शाळेच्या पाच-सहा वर्षांत जे मुरायचं ते अशा मुलांना एका वर्षात पोटात घालायचं असतं: नामांचे 5 वर्ग, क्रियापदांचे 4 गण, 6 विभक्ती, 3 लिंगं, 6 काळ, त्यावर सब्जंक्टिव, धातुसाधितं, अप्रत्यक्ष कथन. संस्कृतचं द्विवचन इथे नाही, एवढाच काय तो दिलासा. तिने हे सगळं पाठ केलं होतं आणि चांगलं केलं होतं. मधूनच उठवून विचारलं तरी कुठल्याही धातूचं कुठलंही रूप ती सांगू शकायची.

वहीचं पान

पहिल्या भेटीत मी तिला काही शिकवलं नाही. रोमचा इतिहास लिहिणाऱ्या लिव्हीच्या पहिल्या पुस्तकातला एक उतारा दिला, कोश वापरायला सांगितलं आणि शेजारी बसून नुसती बघत राहिले. प्रसंग रोमच्या पाचव्या राजाच्या, तर्क्वीनियसच्या खुनाचा. आधीच्या राजाच्या, म्हणजे आंकसच्या मुलांनी पाठवलेले दोन मेंढपाळ भांडणाचं सोंग करत राजवाड्यात शिरतात. एक जण राजाला बोलण्यात गुंतवतो, दुसरा कुऱ्हाड उगारून डोक्यात घालतो. त्यानंतरचं हे वाक्य:

तर्क्वीनियुम मोरिबुन्दुम कुम क्वी किर्का एरन्त एक्सेपिस्सेन्त, इल्लोस फुगियेन्तेस लिक्तोरेस कोम्प्रेहेन्दुन्त.

एकूण 11 शब्द. तिला 25 मिनिटं लागली.

तिने आधी पेन्सिलने सगळी क्रियापदं गोल केली. एरन्त, एक्सेपिस्सेन्त, कोम्प्रेहेन्दुन्त. मग हिरव्या पेनने कर्ता शोधायला निघाली आणि शेवटाकडून सुरुवातीकडे आली. लिक्तोरेस सापडला. निळ्या पेनने कर्म शोधलं. तर्क्वीनियुम सापडलं आणि तिने दोन्ही जोडून टाकले: 'लिक्टरांनी तर्क्वीनियसला पकडलं.' राजाच्याच शिपायांनी मरणाऱ्या राजाला अटक केली! हे चमत्कारिक आहे हे तिच्याही लक्षात आलं, पण लॅटिनमध्ये असंच काहीतरी असणार असं समजून ती पुढे गेली. 'कुम क्वी'चा अर्थ तिने 'ज्याच्याबरोबर' असा लावला. 'एक्सेपिस्सेन्त'साठी कोश उघडला आणि नोंदीच्या सुरुवातीचेच 'बाहेर काढणे' आणि 'वगळणे' हे अर्थ उचलले. सावरणे, झेलणे, धरणे हे अर्थ त्याच नोंदीत पुढे होते. तिथवर ती पोचलीच नाही. प्रत्येक शब्दावर इंग्रजी अर्थ, प्रत्येक शब्दाखाली रंगीत रेघ आणि शब्दाशब्दाला एक आकडा, म्हणजे इंग्रजीत तो कितव्या क्रमांकावर जाणार तो. मूळ वाक्य त्या सगळ्याखाली दिसेनासं झालं होतं.

विभक्ती तिने एकही चुकीची ओळखली नव्हती. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती. तर्क्वीनियुम द्वितीया, बरोबर. क्वी प्रथमा, बरोबर. पण तिच्या पद्धतीत या माहितीला काही कामच नव्हतं. वाक्याची पद्धतशीर मोडतोड झाल्यावर त्या माहितीची नुसती चिकट-लेबलं उरली होती.

'आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म' ही शिकवण तिला पहिल्या दिवसापासून मिळाली होती. सहा शब्दांच्या वाक्यात ही युक्ती चालते. पाठ्यपुस्तकातली वाक्यं तशीच असतात: शेतकरी मुलीला गुलाब देतो, सैनिक शहराकडे जातात. सिसेरोचं एक वाक्य 40-50 शब्दांचं असू शकतं आणि त्यात क्रियापदंच पाच-सहा असतात. त्यात आधी कुठलं क्रियापद शोधायचं? ती सगळीच गोळा करायची आणि मग एवढे सुटे भाग मांडून बसायची. दीड तासात 7 ओळी का झाल्या, याचा उलगडा मला त्या पानावर झाला.

नेमलेल्या पुस्तकाने लपवलेलं दुखणं

इथे एक प्रश्न पडायला हवा: हे इतके दिवस कुणाला कसं दिसलं नाही? उत्तर तिच्याच गुणपत्रिकेत होतं. नेमलेल्या पुस्तकाच्या पेपरात तिला 64 होते. पुस्तक होतं व्हर्जिलच्या 'ईनिड'चा दुसरा सर्ग, 804 ओळी. तिने इंग्रजी भाषांतर जवळजवळ तोंडपाठ केलं होतं. परीक्षेत लॅटिन ओळी आल्या की दोन-तीन ओळखीच्या शब्दांवरून जागा पकडायची आणि पाठ केलेलं उतरवायचं. मी विचारल्यावर तिने लपवलं नाही. "मॅडम, सगळेच करतात," म्हणाली. खरं आहे, सगळेच करतात. परीक्षा तसं करू देते आणि आम्ही शिकवणारे त्या 64 मार्कांकडे पाहून निश्चिंत होतो. मला हे बोचतं. ज्या कवीने आयुष्याची शेवटची सुमारे 10 वर्षं या काव्यावर घालवली आणि इ. स. पूर्व 19 मध्ये ते पूर्ण व्हायच्या आत तो गेला, त्याची ओळ विद्यार्थ्याने भाषांतराची जागा शोधण्याची खूण म्हणून वापरावी, यात विद्यार्थ्यापेक्षा आमचाच दोष जास्त आहे.

दुसरं कारण अगदी बारीक होतं आणि म्हणून जास्त त्रासदायक. पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ असते. लिबेर म्हणजे पुस्तक, लीबेर म्हणजे स्वतंत्र. मलुम म्हणजे वाईट गोष्ट, मालुम म्हणजे सफरचंद. आपल्याला हे नवीन नाही, कारण 'दिन' आणि 'दीन' हे शब्द आपण रोज वेगवेगळे लिहितो. पण विद्यापीठात वाचायच्या संहितांमध्ये, म्हणजे ऑक्सफर्डच्या किंवा टॉयब्नरच्या आवृत्त्यांमध्ये, त्या रेघा नसतात. ऱ्हस्व-दीर्घ वाचकाने जाणायचं. सत्तेविरुद्ध कट करणाऱ्या कॅटिलाइनविरुद्धच्या, इ. स. पूर्व 63 मधल्या पहिल्या भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सिसेरो विचारतो की तू आमच्या सहनशीलतेचा आणखी किती गैरफायदा घेणार आहेस. 'सहनशीलता' या शब्दाचा शेवटचा स्वर ऱ्हस्व धरला, 'पतिएन्तिअ', तर ती प्रथमा, वाक्याचा कर्ता. दीर्घ धरला, 'पतिएन्तिआ', तर अब्लेटिव ('ने, ऊन, त' असे अर्थ देणारी विभक्ती), आणि 'गैरफायदा घेणे' या क्रियापदाला तीच विभक्ती लागते. छापील पानावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पाठ्यपुस्तकातून संहितेकडे येताना हा आधार एका दिवसात जातो आणि त्याबद्दल सहसा कोणी एक शब्द बोलत नाही. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, आपलं व्याकरण कच्चं राहिलं.

पत्त्याचा तुकडा

दुसऱ्या आठवड्यात मी एक जुनं पोस्टकार्ड आणलं, लिव्हीच्या त्याच वाक्यावर ठेवलं आणि एकेक शब्द उघडत गेले. नियम दोनच. पुढचं बघायचं नाही आणि भाषांतर करायचं नाही. फक्त सांगायचं की इथपर्यंत आपल्याला काय कळलं आणि आता आपण कशाची वाट पाहतोय. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम गार्डनर हेल यांनी ती 1880 च्या दशकात हिरिरीने मांडली होती आणि त्यांनी उदाहरणाला घेतलेलं वाक्यही हेच. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी बहुतेक वर्गांत आजही क्रियापदाचा शोधच चालतो.

तर्क्वीनियुम. "द्वितीया," ती म्हणाली. म्हणजे? "त्याला कोणीतरी काहीतरी करणार आहे." मोरिबुन्दुम. "तीच विभक्ती. मरायला टेकलेल्या तर्क्वीनियसला." कुम. इथे ती थबकली, कारण याचे दोन अर्थ: 'बरोबर' किंवा 'जेव्हा'. मी म्हटलं, आत्ता ठरवू नकोस, दोन्ही हातात ठेव. क्वी. तिचा चेहरा बदलला. "प्रथमा आहे. म्हणजे कुम 'बरोबर' असूच शकत नाही, त्याला अब्लेटिव लागला असता. हा 'जेव्हा' आहे. आणि क्वी म्हणजे 'जे'." किर्का एरन्त. "भोवती होते. जे भोवती होते ते." एक्सेपिस्सेन्त. ती थोडा वेळ गप्प बसली. मरायला टेकलेला माणूस, त्याच्या भोवतीची माणसं, आणि ती त्याला... "सावरतात, मॅडम! पडताना झेलतात." कोश उघडला नव्हता. 'वगळणे' हा अर्थ तिच्या डोक्यात आलासुद्धा नाही, कारण त्या जागी तो बसतच नव्हता.

मग इल्लोस. "त्यांना. पुन्हा द्वितीया, अनेकवचन." कुणाला? वाक्य अजून सांगत नाही. फुगियेन्तेस. "पळणाऱ्यांना. ते दोघे मेंढपाळ!" लिक्तोरेस. हे रूप प्रथमा आणि द्वितीया दोन्ही असू शकतं. पण आता आपल्याला कर्ता हवाच आहे आणि राजाचे लिक्टर पळत सुटलेत असं कोण म्हणेल? कोम्प्रेहेन्दुन्त. धरतात.

मग मी तिला म्हटलं, आता हे सलग बोल, पण इंग्रजीत नको, घरी बोलतेस त्या भाषेत. तिने म्हटलं: "मरायला टेकलेल्या तर्क्वीनियसला, जे भोवती होते ते सावरतात तोवर, त्या पळणाऱ्यांना लिक्टर धरतात."

शब्दांचा क्रम जवळजवळ जसाच्या तसा. विद्यार्थिनीची मातृभाषा मराठी होती आणि लॅटिन मात्र ती इंग्रजीतून शिकली होती. इंग्रजीत कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून इंग्रजीतून जाणाऱ्याला लॅटिन वाक्य उलटं करावंच लागतं. मराठी माणूस आयुष्यभर क्रियापदाची वाट पाहतच ऐकत असतो. 'त्या पळणाऱ्यांना लिक्टर...' इथवर ऐकून आपण गोंधळत नाही, पुढच्या शब्दाला कान देतो. ही सवय तिच्यात पहिल्यापासून होती. वर्षभर तिला ती बाजूला ठेवून वाचायला लावलं होतं.

वाक्याचं वाङ्मयीन मोलही मला त्याच क्रमात दिसतं. लिव्ही आधी राजा दाखवतो, मग त्याला धरणारे हात, मग दाराकडे पळणाऱ्या आकृत्या आणि शेवटी त्यांच्यावर पडलेली पकड. काळही वर्तमान: 'धरतात'. डोळा जसा फिरेल तसं वाक्य फिरतं. शब्दांना आकडे घालून त्याची फेरजुळणी केली की ही सगळी दृश्यं एकमेकांवर पडतात आणि हाती नुसती बातमी उरते.

मराठी कुठे कामाला आली, कुठे आडवी गेली

या वाक्याच्या थोडं आधी लिव्ही मारेकऱ्यांबद्दल सांगतो: 'रेलिक्तोक्वे इन वोल्नेरे तेलो अम्बो से फोरास एयिकियुन्त'. यातली 'रेलिक्तो तेलो' ही जोडी म्हणजे अब्लेटिव अ‍ॅब्सोल्यूट, मुख्य वाक्यापासून सुटी असलेली रचना. इंग्रजीत तिचं 'शस्त्र सोडलं गेलेलं असताना' अशा थाटाचं काहीतरी जडजंबाल होतं आणि विद्यार्थी ते पाठ करतात. मराठीत: 'जखमेतच शस्त्र सोडून दोघे बाहेर धूम ठोकतात.' ती एक 'ऊन' सगळं काम करते. हे दाखवलं तेव्हा ती हसली आणि आधीच्या परीक्षेच्या पेपरातली तसली तीन वाक्यं काढून लगेच सोडवून बसली.

ज्यांनी संस्कृत केलं आहे त्यांना सती सप्तमी आठवेल. आठवावी, पण जपून. तिने शाळेत संस्कृत घेतलं होतं आणि अब्लेटिव म्हणजे पंचमी असं समीकरण मनात बांधलं होतं, कारण तिला तसंच सांगितलेलं. लॅटिन अब्लेटिवमध्ये जुन्या तीन विभक्ती विलीन झाल्या आहेत: तृतीया, पंचमी आणि सप्तमी. म्हणून 'तलवारीने', 'शहरातून' आणि 'त्या वर्षी' हे तिन्ही अर्थ एकाच रूपात येतात. पंचमीचं समीकरण धरलं की प्रत्येक ठिकाणी 'पासून' शोधत राहावं लागतं. मी तिला तो शब्दच टाकून द्यायला सांगितला. अब्लेटिव दिसला की आधी 'ने, ऊन, त' असे तिन्ही प्रत्यय मनात उघडे ठेवायचे आणि वाक्य पुढे जाईल तसे मिटायचे. हे तिला महिनाभर जड गेलं. शाळेत घट्ट बसलेलं सुटायला वेळ लागतो.

मराठीचा फायदा मी वाढवून सांगू नये. पद्यात क्रियापद कुठेही येतं, गद्यातही नेहमी शेवटीच असतं असं नाही. विशेषण नामापासून लांब, चार-पाच शब्दांच्या पलीकडे फेकायची लॅटिन कवींची सवय मराठीला पेलत नाही. पण त्या सवयीनेच आम्हाला या सत्रातला सगळ्यात सुंदर तास दिला.

ईन्फन्दुम

पाचव्या आठवड्यात मी तिच्या 'पाठ' असलेल्या सर्गाकडे परत गेले. ट्रॉय जळून गेलेलं आहे, काव्याचा नायक ईनियास कार्थेजमध्ये राणी डायडोच्या दरबारात बसला आहे, आणि राणीने त्याला ट्रॉयच्या पाडावाची कहाणी सांगायला सांगितलं आहे. तो तोंड उघडतो:

ईन्फन्दुम, रेगीन, युबेस रेनोवारे दोलोरेम.

इंग्रजी भाषांतर तिने धडाधड म्हणून दाखवलं. मी कार्ड ठेवलं आणि विचारलं, पहिला शब्द कुणाचा? तिला माहीत नव्हतं. वर्षभर पाठ असलेल्या ओळीतला पहिला शब्द कशाला लागतो हे तिला माहीत नव्हतं.

मग एकेक शब्द. ईन्फन्दुम: जे बोलता येत नाही, असं काहीतरी. काय, ते नाही कळत. रेगीन: हे राणी. युबेस: तू आज्ञा करतेस. रेनोवारे: नव्याने जागं करायची. काय? अजून नाही. आणि ओळीच्या अगदी टोकाला, दोलोरेम. दुःख. "पहिला शब्द शेवटच्याचा आहे," ती म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. राणी, तिची आज्ञा, पुन्हा सांगणं, हे सगळं 'न सांगता येणारं' आणि 'दुःख' या दोन शब्दांच्या मधे कोंडलेलं. बोलायला सुरुवात करणारा माणूस बोलता येत नाही या शब्दानेच सुरुवात करतो.

त्या दिवशी आम्ही ओळ मोठ्याने म्हटली, वृत्तात. लॅटिन हेक्झामीटरचं लघु-गुरू आपल्या कानाला परकं नाही, कारण दोन्हीकडे उच्चारकाळ मोजला जातो. एकापुढे दोन व्यंजनं आली की आधीचं अक्षर गुरू, हा नियम इथेही आहे. ओळीत 6 चरणक असतात, प्रत्येक 4 मात्रांचा. एक तर भगणासारखा गुरू-लघु-लघु, नाहीतर गुरू-गुरू. पाचवा बहुधा भगणच असतो आणि सहावा नेहमी दोन अक्षरांचा. या ओळीत पहिले दोन चरणक गुरू-गुरू आहेत, ईन्-फन् दुम्-रे, पाय ओढत चालल्यासारखे. मग तीन भगण एकामागून एक येतात आणि जीभ सुटते. छापील पानावर नसलेल्या दीर्घ स्वरांच्या रेघा इथे वृत्तातून परत मिळतात. अक्षर लघु की गुरू हे ओळ सांगते आणि त्यावरून बऱ्याचदा विभक्तीही कळते. व्याकरणाच्या तासाला ज्या रेघा गेल्या म्हणून ती खचली होती, त्या तिला कानाने परत मिळायला लागल्या. मी तिला रोज 10 ओळी मोठ्याने म्हणायला सांगितल्या. ती 20 म्हणायची.

माझी चूक

सगळं असं सरळ गेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी तिला सीझर दिला, 'गॉलच्या युद्धा'चं पहिलं पुस्तक. सीझर सोपा, असं सगळे म्हणतात आणि मीही विचार न करता तेच केलं. त्याचे शब्द मोजके आणि नेमके आहेत, हे खरं. पण पहिल्या पुस्तकात पानंच्या पानं अप्रत्यक्ष कथन आहे: गॉलचे नेते काय म्हणाले, सीझरने काय उत्तर दिलं, आरिओव्हिस्टस काय म्हणाला. त्यात कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद धातुरूपात. नुकतीच क्रमाने वाचायला शिकलेली मुलगी द्वितीया दिसली की 'याला कोणीतरी काहीतरी करणार' म्हणून थांबायची, आणि त्या द्वितीयेतला माणूस स्वतःच सगळं करत असायचा. चार दिवसांत रंगीत पेनं परत बाहेर आली. चूक माझी होती.

मी सीझर बंद केला आणि युट्रोपियस दिला. चौथ्या शतकात सम्राट वेलेन्सच्या काळात लिहिलेला, 10 लहान पुस्तकांचा रोमचा इतिहास. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत त्याला सहसा जागा नसते, कारण तो थोर लेखक नाही. पण वाक्यं आटोपशीर आहेत, शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि तीन दिवसांत एक अख्खं पुस्तक वाचून होतं. ज्या राजाच्या खुनावर आम्ही दोन आठवडे घालवले, त्याला युट्रोपियस एका वाक्यात संपवतो: राज्याच्या 38 व्या वर्षी आंकसच्या मुलांनी मारला. "लिव्हीने यावर केवढं लिहिलंय," ती म्हणाली. शैली म्हणजे काय हे तिला व्याख्यानातून कळलं नसतं, ते असं दोन लेखक शेजारी ठेवून कळलं. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळी होती: लॅटिन शिकायला लागून दीड वर्ष झालं होतं, आणि तिने अखंड पुस्तक वाचण्याची ही पहिलीच वेळ होती. वाचायला शिकताना आधी भरपूर सोपं वाचावं लागतं, हे आपण कुठल्याही जिवंत भाषेबाबत मान्य करतो. लॅटिनच्या बाबतीत मात्र थेट सिसेरो आणि इतिहासकार टॅसिटस पुढे ठेवतो.

शब्दांसाठी आम्ही डिकिन्सन कॉलेजने केलेली सुमारे 1,000 शब्दांची यादी घेतली. अकारविल्हे पाठ करणं तिला जमलं नाही, दोनदा प्रयत्न करून सोडलं. विषयवार गट केल्यावर जमलं. लॅटिन लेखन, म्हणजे इंग्रजीतून लॅटिनमध्ये उतारे करणं, मी सुचवलं होतं. त्याचा तिला काही उपयोग झाल्याचं दिसलं नाही, ते सहाव्या आठवड्यात सोडून दिलं.

सत्राच्या शेवटी

12 आठवड्यांनी पुन्हा परीक्षा झाली. अनसीनमध्ये तिने सगळा उतारा पूर्ण केला आणि 57 मार्क मिळाले. चुका होत्याच. एका ठिकाणी 'हबुएरे' हे भूतकाळी अनेकवचन तिने साधं धातुरूप समजून लावलं. टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'च्या पहिल्याच वाक्यात हे रूप आहे, तेव्हा पुढच्या वर्षी ते तिला रोज भेटणार आहे. टॅसिटस अजून जड जातो, तो शब्द गाळतो आणि अपेक्षित वळण मुद्दाम टाळतो. क्रमाने वाचणाऱ्याची तो जास्तच परीक्षा पाहतो. नेमलेल्या पुस्तकाच्या पेपरात तिला या वेळी 61 मिळाले, आधीपेक्षा 3 कमी, कारण भाषांतर तिने पाठ केलं नव्हतं. त्या 61 बद्दल मला जास्त समाधान वाटलं.

शेवटच्या भेटीत मी लिव्हीचा तोच प्रसंग पुढे नेला. राजवाड्याबाहेर लोकांचा गलका वाढला आहे. राणी तानाक्विलने दारं बंद करून घेतली आहेत, बघ्यांना बाहेर काढलं आहे, आणि आता ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून लोकांशी बोलते. राजा मरणाच्या दारात आहे हे वाचकाला ठाऊक आहे. लोकांना ती वेगळंच सांगते आणि लिव्ही ते अप्रत्यक्ष कथनात देतो: द्वितीया, धातुरूप, द्वितीया, धातुरूप. सीझरने जिथे तिला पाडलं होतं, तीच रचना.

मी कार्ड पुढे केलं, तिने ते बाजूला ठेवलं. पहिला भाग मोठ्याने वाचला, थांबली, मग मराठीत सांगू लागली:

"धीर धरा, असं ती सांगते. राजा म्हणे एकदम घाव बसल्याने बेशुद्ध झाला होता. लोखंड म्हणे अंगात फार खोल गेलं नाही. आता म्हणे शुद्धीवर आलाय. रक्त पुसून जखम पाहिली, सगळं म्हणे ठीक आहे."

'म्हणे' मी तिला सुचवलं नव्हतं.